अर्जबाईंची सुपरवायझरी

अर्जबाईंना सगळे अर्जबाई म्हणत, कारण त्या अर्ज लिहीत. स्वतःसाठी नव्हे. स्वतःसाठी त्यांनी एकोणीस वर्षांत दोनच अर्ज लिहिले होते. एक बाळंतपणाचा, आणि दुसरा, पहिला अर्ज ऑफिसात हरवला म्हणून पुन्हा तोच. बाकी सगळे लोकांचे.

नोकरी होती एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत, चादरी घडी करण्याची. लाँड्री तळघरात. छतापाशी लांबट खिडक्यांची रांग होती आणि तिच्यातून बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. एका बाजूला धुण्याची तीन मशीनं, पुढे पिळायचं मशीन, आणि मधोमध सगळ्यांत मोठा रोलर. त्याच्या तोंडात ओलसर चादर घालायची, ती पलीकडून कडक, गरम, कोरडी होऊन बाहेर यायची. मग दोघींनी दोन टोकं धरायची, दोन पावलं पुढे, दोन मागे, की झाली घडी. अशा दिवसाला हजारभर चादरी. या कामात बोलायला तोंड मोकळं असायचं, त्यामुळे अकरा बायका आणि एक बॉयलरवाला असा तो सगळा संसार एकमेकांच्या पोटातलं ओळखून होता.

अर्जबाईंचं अक्षर मोत्यासारखं आणि कल्पनाशक्ती दांडगी. कुणाला रजा हवी असली की ती जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन त्यांच्यासमोर बसायची. "डाव्या दाढेतून अशी कळ येत आहे की उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले आहे" किंवा "घरातील नळ मध्यरात्री फुटल्याने सामान तरंगत असून ते धरून ठेवणे अत्यावश्यक आहे" अशी वाक्यं त्या ओठावरचा घाम पुसता पुसता लिहून द्यायच्या. शिवाय एका वहीत कुणाचं कोण कधी वारलं त्याची नोंद ठेवायच्या. ती वही नसती, तर लांबीची मावशी तिसऱ्यांदा गेली असती. लांबी म्हणजे रोलरवरची उंच बाई. रजा घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि होत्या वन्सं. अर्जबाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न न केलेल्या, भावाकडेच राहणाऱ्या, आवाज असा की मशीनं चालू असताना तो ऐकू यायचा आणि बंद असताना सोसायचा नाही. लाँड्रीत त्या अर्जबाईंच्या पाच वर्षं आधी लागलेल्या. वहिनीला त्यांनीच चिकटवली होती. अर्जबाई त्यांना वन्सं म्हणायच्या, म्हणून पहिल्या महिन्यातच सगळी लाँड्री त्यांना वन्सं म्हणू लागली. बॉयलरवालाही म्हणायचा, आणि एकदा तर साहेबांनी हजेरीच्या पुस्तकात तसंच लिहिलं. एकोणीस वर्षं या नणंदा-भावजया समोरासमोर चादर धरून उभ्या होत्या. एवढं तर नवराबायकोही समोरासमोर उभी राहत नाहीत.

जुन्या सुपरवायझरबाई निवृत्त झाल्या आणि फळ्यावर नोटीस लागली. सुपरवायझरच्या जागेसाठी इच्छुकांनी लेखी अर्ज करावेत. त्या दिवशी अर्जबाईंना डबा खायला सवड मिळाली नाही. पाच जणी इच्छुक निघाल्या आणि पाचही कागद घेऊन त्यांच्याकडेच आल्या. त्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही. पिळायच्या मशीनवरच्या बाईची सचोटी, लांबीची दूरदृष्टी (उंची हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला), कुणाची शिस्त, कुणाचा सोशिकपणा. सगळ्यांत जीव ओतून लिहिला तो वन्संचा. "चोवीस वर्षांत अर्जदाराचा आवाज चढलेला सर्वांनी ऐकला आहे, परंतु चादरीची घडी चुकलेली कोणीही पाहिलेली नाही." वन्संनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "बरं लिहितेस हो."

आठवड्याने साहेबांनी अर्जबाईंना वर बोलावलं. साहेब म्हणजे लाँड्रीचे व्यवस्थापक. सडपातळ, तपकिरी बुटांचा माणूस. खाली सगळ्या त्यांना चेहऱ्यापेक्षा बुटांवरूनच जास्त ओळखत. खिडकीतून बूट दिसले की आत गप्पा थांबायच्या. साहेबांनी टेबलावर पाच कागद पत्त्यांसारखे पसरले.

"हे काय आहे?"

"अर्ज आहेत, साहेब."

"पाचही अर्जांत अक्षर एकच आहे."

अर्जबाईंनी पदर सावरला. "साहेब, त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. खोटं एक अक्षर नाहीये. म्हणजे... या पाचांत नाहीये."

"या पाच जणींत काय चांगलं आहे ते तुम्हाला माहीत आहे," साहेब म्हणाले. "मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. तुम्ही स्वतः का नाही केला अर्ज?"

"मला कुणी सांगितलंच नाही, साहेब."

हे उत्तर खरं होतं. त्यांना कुणी सांगितल्याशिवाय अर्ज लिहायची सवयच नव्हती. साहेब हसले आणि म्हणाले, सोमवारपासून तुम्ही सुपरवायझर.

जिना उतरताना अर्जबाई दोनदा मधेच थांबल्या. आनंद झाला होता की धसका बसला होता हे त्यांना स्वतःलाच कळेना. खाली वन्सं चादरीचं एक टोक धरून वाट बघत उभ्या होत्या.

"काय म्हणाला? माझं झालं?"

अर्जबाईंनी दुसरं टोक उचललं. दोन पावलं पुढे गेल्या, दोन मागे आल्या आणि मग सांगितलं. वन्संनी चादर सोडून दिली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातची चादर जमिनीवर पडली.

घरी जाताना दोघी रोज बरोबर चालत. त्या दिवशीही चालल्या, पण वन्सं रस्त्याच्या या कडेने आणि अर्जबाई त्या कडेने. घरी नवऱ्याला बातमी कळली तेव्हा त्याने बायकोकडे बघून तोंडभर हसायला सुरुवात केली, मधेच बहिणीकडे नजर गेली, आणि ते हसू अर्ध्यात गिळून तो कुंड्यांना पाणी घालायला गॅलरीत गेला. सकाळीच पाणी घातलेलं होतं.

"बाळ्या," वन्सं आतून ओरडल्या, "झाडं कुजतील!"

बाळ्याचं वय बावन्न होतं. पण त्या घरात त्याला ना सुपरवायझरी होती ना युनियन.

जेवणं झाल्यावर वन्संनीच तोंड उघडलं. "हे बघ वहिनी. लाँड्रीच्या फाटकाच्या आत तू म्हणशील ते. फाटकाच्या बाहेर मी म्हणीन ते. पटलं?"

"पटलं, वन्सं."

"मग उद्या भांडी तू घास."

सोमवारी अर्जबाई साहेबांकडून किल्ल्या घेऊन बाहेरच्या बाजूने लाँड्रीत शिरल्या. दारातून आत पाऊल टाकलं तर सगळीकडे चिडीचूप. अकराच्या अकरा माना कामात खाली. एरवी या वेळेला नुसता कलकलाट असायचा. "काय गं, कुणी गेलं का?" त्यांनी घाबरून विचारलं. बॉयलरवाल्याने नुसतं खिडकीकडे बोट केलं. तिथून नुकत्याच त्यांच्या चपला गेल्या होत्या. अर्जबाईंना कसंसंच झालं. आजवर ज्या खिडकीकडे बघून त्या गप्प व्हायच्या, तिच्यातून आता त्यांचे पाय दिसू लागले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लांबी कागद घेऊन आली आणि नेहमीसारखी समोर बसली.

"लिही गं. तीन दिवस हवेत."

"कुणाच्या नावाने लिहू?"

"सुपरवायझरच्या नावाने. नेहमीसारखं."

"अगं, सुपरवायझर मी आहे!"

"मग बरंच की. पाकीट नको, नुसता कागद चालेल."

अर्जबाईंना पेन हातात धरवेना, पण सवय वाईट. लांबी म्हणाली गुडघा, आणि त्यांच्या हातून आपोआप उतरलं, "माननीय सुपरवायझर यांस, अर्जदाराचा गुडघा पायरी दिसताच आक्रोश करतो..." लिहून झाल्यावर लांबीने सही केली आणि कागद त्याच टेबलावरून चार बोटं पुढे सरकवला. अर्जबाईंनी तो उचलला, वाचला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "नामंजूर."

"का?"

"गुडघा ठणठणीत आहे. परवा तू बसच्या मागे धावलेली मी पाहिलीय."

"पण लिहिलंय किती छान! ऐकून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. इतकं छान लिहिलेलं नामंजूर करताना तुझा हात कसा धजतो?"

अर्जबाईंनी कागद पुन्हा एकदा वाचला. त्यांनी तीन दिवस मंजूर केले. हा हा म्हणता बातमी पसरली. पंधरवड्यात सात जणींनी रजा घेतल्या. सगळे अर्ज अर्जबाईंनीच लिहिले, अर्जबाईंनीच वाचले आणि अर्जबाईंनीच वरमून मंजूर केले. वर वॉर्डांत चादरी वेळेवर जाईनात. तपकिरी बूट दिवसातून तीनदा खिडकीतून जाऊ लागले.

वन्सं मात्र रजा घेत नव्हत्या. त्यांचं काही वेगळंच चाललं होतं. त्या भर मशीनच्या आवाजात हात वर करून ओरडायच्या, "सुपरवायझर मॅडम! पाणी प्यायला जाऊ?" मग, "सुपरवायझर मॅडम! प्यायले!" मग, "शिंक आलीय, देऊ का?" बायका चादरीत तोंड खुपसून हसायच्या. अर्जबाई कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायच्या. आणि संध्याकाळी फाटकाबाहेर पाऊल पडलं रे पडलं की वन्सं म्हणायच्या, "वहिनी, पिशवी धर."

शेवटी अर्जबाईंनी मनाचा हिय्या केला आणि फळ्यावर नियम लिहिला. यापुढे आजारपणाची रजा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. अक्षर सुरेख आलं होतं. आता कशी जिरते एकेकीची, असं म्हणून त्या समाधानाने खुर्चीत बसल्या.

त्यांच्या लक्षात एवढंच आलं नाही की आपण इस्पितळात बसलो आहोत. डॉक्टर दोन मजले वर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा जणी चिठ्ठी आणायला म्हणून वर गेल्या त्या दुपारपर्यंत तपासणीच्या रांगेत बसल्या. आणि एवढी वर्षं ज्यांना कुणी तपासलंच नव्हतं, त्यांच्यात सापडायला काय तोटा? एकीला रक्तदाब निघाला. एकीला चष्मा लागला. पिळायच्या मशीनवरच्या बाईच्या पाठीचा फोटो काढला, तर डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस वाकायचं नाही. लांबीचा गुडघा खरोखरच झिजलेला निघाला.

"बघ!" लांबी विजयी मुद्रेने चिठ्ठी नाचवत आली. "तू लिहिलं होतंस तेच निघालं! तुझ्या हातून खरं उतरलं होतं, मलाच ठाऊक नव्हतं."

आता रजा खऱ्या होत्या आणि नाकारायची सोय नव्हती. त्या रात्री अर्जबाईंनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, मला नाही झेपत हे. उद्या जाऊन किल्ल्या परत देते."

"दे की," नवरा म्हणाला. "पण ताईला आधी नको सांगूस. ती नाचेल."

किल्ल्या परत द्यायचा अर्ज त्यांनी सकाळीच लिहिला आणि पदराशी खोचून त्या कामावर गेल्या. साहेब अकराला यायचे. साडेदहाला ते घडलं.

रोलरच्या तोंडासमोर एक लोखंडी पट्टी असते. हात चुकून पुढे गेला की पट्टीला लागतो आणि रोलर जागच्या जागी थांबतो. या रोलरची पट्टी सात वर्षांपूर्वी ढिली झाली होती. ती उगाचच लागायची आणि रोलर दर पाच मिनिटांनी थांबायचा. म्हणून एका दुपारी वैतागून जुन्या चादरीची चिंधी फाडून पट्टी वर बांधून टाकली होती. बांधली होती अर्जबाईंनी आणि गाठ मारली होती वन्संनी. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या दिवशी माणसं कमी, म्हणून रजा पुढे ढकलून, गुडघ्याला पट्टा बांधून लांबी एकटीच रोलरवर होती. चादरीचा कोपरा दुमडला, तो सरळ करायला तिने हात पुढे केला, आणि कामाच्या निळ्या कोटाची बाही चादरीबरोबर आत जाऊ लागली. लांबीच्या तोंडून आवाजही फुटला नाही. पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या वन्संना चादरीबरोबर निळं कापड आत जाताना दिसलं. त्यांनी हातातला गठ्ठा लाल बटणावर असा फेकून मारला की बटण आत रुतून बसलं. रोलर थांबला. बाही खांद्यापाशी फाटली आणि लांबी मागच्या मागे ट्रॉलीत जाऊन पडली, मळक्या अभ्र्यांवर.

हात शाबूत होता. दंडावर एक लाल पट्टा उमटला होता, बस. लांबी आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "माझी बाही द्या आधी." बाही रोलरमधून काढली, ती इस्त्री होऊनच निघाली.

सगळ्या अर्जबाईंकडे बघत होत्या. वन्संही बघत होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी हात वर केला नाही. अर्जबाईंची नजर त्या चिंधीवर गेली. गाठ सात वर्षांत मळून काळी झाली होती.

"रोलर बंद," त्या म्हणाल्या. "पट्टी दुरुस्त होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

साहेब धावत आले. लांबीची विचारपूस केली, तिला पाणी पाजलं. माणूस वाईट नव्हता. पण मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "आता सावकाश चालू करा."

"नाही, साहेब."

"अहो, वर चारशे खाटा आहेत!"

"माहीत आहे. पण त्यातली एक लांबीला नको."

"पट्टीसाठी मी वर कळवतो. मंजुरीला महिना लागेल. महिनाभर रोलर बंद ठेवू? मला काही लेखी तर हवं ना?"

"लेखी देते," अर्जबाई म्हणाल्या. हे मात्र त्यांना येत होतं.

त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या. पदराचा कागद काढला, सकाळचा मजकूर खोडला, तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहू लागल्या.

"माननीय साहेब यांस. अर्जदार : मोठा रोलर, लाँड्री विभाग. मी गेली बावीस वर्षे आपल्या सेवेत असून या काळात मी एकही रजा घेतलेली नाही. माझ्या तोंडापुढील पट्टी निकामी झाल्यापासून माझा तोंडावर ताबा राहिलेला नाही. आज सकाळी मी एका सहकारी भगिनीची बाही खाल्ली. हातही खाल्ला असता, परंतु दुसऱ्या भगिनीने मला वेळीच मारले, याबद्दल मी तिचा आभारी आहे. पट्टी बांधून ठेवण्यात सध्याच्या सुपरवायझरचाही हात होता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. तरी मला उपचारासाठी आठ दिवसांची वैद्यकीय रजा मिळावी, ही नम्र विनंती."

खाली लिहिलं, "अर्जदारास सही करता येत नसल्याने", आणि स्वतःची सही ठोकली. साहेबांनी कागद वाचला. भुवया वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. "ही काय थट्टा आहे?" म्हणत ते कागद घेऊन गेले आणि वरच्या ऑफिसात टेबलावर आपटून चहा प्यायला निघून गेले.

वरच्या ऑफिसात एक कारकून होते. त्यांच्यासमोर दिवसाला शंभर कागद यायचे आणि ते प्रत्येक कागदाची फक्त शेवटची ओळ वाचायचे. साहेबांचा चहा संपायच्या आत शिक्का बसला होता. "आठ दिवस मंजूर. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे."

प्रमाणपत्र बॉयलरवाल्याने दिलं. "मी आज रोलरला तपासले. ताप नेहमीप्रमाणे. तोंड उघडेच राहते. विश्रांतीची गरज आहे." साहेबांनी डोक्याला हात लावला, पण मंजूर रजेवरच्याला कामावर बोलवायचं नाही हा नियम त्यांनीच पूर्वी फळ्यावर लावला होता. एव्हाना तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर असा हसत हसत फिरत इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत पोचला. त्या तळघरात कधी उतरत नसत, त्या दिवशी उतरल्या. त्यांनी चिंधी पाहिली, लांबीचा दंड पाहिला आणि साहेबांना बाजूला नेऊन दोनच मिनिटं काहीतरी बोलल्या. महिना लागणारी मंजुरी संध्याकाळी आली. मेकॅनिक मात्र आठव्या दिवशी येणार होता.

प्रश्न उरला तो आठ दिवसांचा. रोज हजार चादरी, रोलर नाही, आणि अर्धी माणसं घरी. अर्जबाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. भाषण त्यांनी रात्री लिहून काढलं होतं, पण चष्मा घरी राहिला होता.

"मला अर्ज लिहिता येतात," त्या म्हणाल्या. "माणसं सांभाळायला अजून येत नाहीत. ती चिंधी मीच बांधली होती. आठ दिवस मला हात द्या. नंतर रजा मागायला कारण लिहायचं नाही. नको वाटतंय म्हणा, देईन. पण पाळीपाळीने."

वन्सं पुढे झाल्या आणि ओल्या चादरीचं टोक उचललं. "उभी काय राहिलीस? धर."

चादर ओलसर असताना दोघींनी ताणून धरली आणि एकदम झटका दिला की सुरकुत्या निम्म्या मोडतात. पण झटका एकाच वेळी बसला पाहिजे. तीन जोड्या लागल्या आणि तिन्हींचे तीन झटके तीन वेळांना बसू लागले. कुणाची चादर निसटली, कुणी आपटलं. पहिल्या दिवशी वर गेलेल्या चादरी बघून मेट्रनबाईंनी निरोप पाठवला, या चादरी आहेत की नकाशे? अर्जबाई स्वतः वॉर्डावॉर्डात जाऊन माफी मागून आल्या. परत येता येता जिन्यात त्यांना सुचलं.

"वन्सं, तुम्ही चादर सोडा. तुम्ही फक्त ओरडा."

"काय?"

"'ओढ' म्हणून ओरडा. तुमच्याइतका आवाज इथे कुणाला आहे?"

वन्संनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग एका उलट्या बादलीवर चढल्या आणि अशी काही आरोळी दिली की खिडकीबाहेरचे दोन पाय जागच्या जागी थबकले. तीन चादरी एकदम ताणल्या गेल्या. फट्! त्यानंतर आठ दिवस वन्संचं "ओढ!" वरच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जात होतं, आणि तिथले रोगी त्या आवाजावर औषधं घेत होते म्हणे. बॉयलरवाला घडीला उभा राहिला. पाठीच्या फोटोवाली बाई वाकायचं नव्हतं म्हणून ताठ उभी राहून मोजायला आली. लांबी एका हाताने अभ्रे भरत होती. चौथ्या दिवशी साहेब बूट काढून चादर धरायला आले, पण त्यांचा झटका लागेना. त्यांना प्रेमाने ट्रॉलीवर पाठवलं.

आठव्या दिवशी नवी पट्टी बसली. अर्जबाईंनी स्वतः हात पुढे करून पाहिलं आणि रोलर थांबला. त्यांनी तीनदा करून पाहिलं.

दिलेला शब्द त्यांनी पाळला. रजेच्या पुस्तकात खरी कारणं येऊ लागली. "झोप राहिली आहे." "सासूबाई गावाला गेल्या आहेत, घर बघून घेते." एकीने लिहिलं, "घरी कपडे धुवायचे साठले आहेत." लांबीने पहिल्याच महिन्यात लिहिलं, "कारण काही नाही," आणि तिला रजा मिळाली तेव्हा तिलाच इतकं अवघडल्यासारखं झालं की दुपारी ती कामावर हजर झाली. सगळं सुरळीत झालं असं नाही. दोघी जणी अर्जबाईंशी पुढे वर्षभर धड बोलल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्या आल्या की एखादी गप्पा बदलायची, आणि आपल्याला कुठलं नाव ठेवलं आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. चपला मात्र त्यांनी बदलल्या. वाजणाऱ्या घेतल्या, म्हणजे लोकांना सावरायला वेळ मिळतो.

दोन वर्षांनी वन्संच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन याच इस्पितळात. रजेचा अर्ज लिहायला अर्जबाई बसल्या आणि अर्धा तास बसूनच राहिल्या. शेकडो दाढा, गुडघे आणि मावशा झरझर उतरवलेलं ते पेन वन्संच्या नावापुढे हलेना. शेवटी वन्संनीच कागद ओढून घेतला आणि वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, "पोट कापणार आहेत. पंधरा दिवस."

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी अर्जबाई जेवणाच्या सुट्टीत वर भेटायला गेल्या, तर वॉर्डाबाहेरूनच आवाज ऐकू आला. म्हणजे तब्येत सुधारली होती. आत एक तरुण नर्स कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"आजी, सकाळपासून तिसऱ्यांदा चादर बदलायला सांगताय. कोपरा वाकडा आहे म्हणे! खाली लाँड्रीत कुणी बघणारं नसतं, आम्ही काय करू?"

वन्सं उशीवरून उठून बसल्या. टाके होते, तरी बसल्या.

"कुणी बघणारं नसतं? पोरी, खाली माझी वहिनी आहे! सुपरवायझर आहे ती! बावीस वर्षांच्या रोलरला रजेवर पाठवलंय तिने. तिच्याबद्दल एक शब्द बोललीस तर याद राख!"

नर्स बिचारी चादर न बदलताच निघून गेली. दारात उभ्या असलेल्या अर्जबाईंना पुढे यावं की मागे जावं कळेना. वन्संनी त्यांना पाहिलं, जराशा वरमल्या आणि उशी ठाकठीक करू लागल्या.

"कोपरा खरंच वाकडा आहे पण," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्या जागेवर घडीला कोण उभं राहतंय सध्या?"

"मीच, वन्सं."

"वाटलंच," वन्सं म्हणाल्या आणि कूस बदलून पडल्या.